हाक मारायला घाबरणाऱ्या माणसाचा सिनेमा

फोन करायच्या आधी मी वाक्य वहीत लिहून काढते. "नमस्कार, मी अमुक बोलतेय, दोन मिनिटं वेळ आहे का?" हे सुद्धा. पलीकडून कुणी उचलला नाही तर सुटल्यासारखं वाटतं आणि मग दिवसभर पुन्हा लावायची भीती. अशा बाईने सिनेमा करायचं ठरवलं, तेही सिंधुदुर्गात, बँकेतली सगळी शिल्लक मोडून. तीन वर्षं गेली. आता सिनेमा झालाय. या काळात मला सगळ्यात जास्त हवं होतं ते म्हणजे कुणीतरी बसून सांगणं, की बाई, आधी हा कागद, मग तो कागद, आणि इथे इतके दिवस जातात. ते कुणी सांगितलं नाही, म्हणून लिहितेय. सिनेमाचं नाव मुद्दाम देत नाही, जाहिरात करायची नाहीये.

गोष्ट साधी आहे. वीजमीटरचं रीडिंग घेणारा तिशीचा मुलगा. त्याने ही नोकरी धरली कारण बोलावं लागत नाही. पडवीत जायचं, मीटरचा मोबाइलवर फोटो काढायचा, निघायचं. घरं एकमेकांपासून लांब, मधे आंब्याची कलमं. पण मीटर बघून बघून त्याला कळायला लागतं की कुठल्या घरात कोण एकटं उरलंय. मागच्या महिन्यात ६८ युनिट होते, या महिन्यात १९. म्हणजे सून मुंबईला परत गेली. शून्य युनिट म्हणजे कुलूप. त्याला सगळ्यांचं एकटेपण आकड्यांत माहीत असतं आणि तो कुणालाही हाक मारू शकत नाही.

हे सुचलं जून २०२२ मध्ये, आमच्याच घरचं बिल बघताना. मी मुंबईत एडिटिंग करते, मालिकांचं. गावचं घर आचऱ्यापासून जवळच्या एका वाडीत, वर्षातले अकरा महिने बंद.

पहिल्या खर्ड्यात मी फार हुशारी केली होती. आचऱ्याची गावपळण बऱ्याच जणांना माहीत असेल. दर चारेक वर्षांनी रामेश्वराचा कौल झाला की सगळा गाव गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर जातो, तीन दिवस तीन रात्री. गाव रिकामा. मला वाटलं, वा, आपला नायक तेव्हा गावात एकटाच मागे राहील, रिकाम्या घरांच्या पडव्यांतून फिरेल. बावीस पानं लिहिली. नोव्हेंबरात गावी गेले तेव्हा शेजारच्या तात्यांना वाचून दाखवली. तात्यांनी सगळं ऐकलं, पान जुळवलं आणि म्हणाले, "गावपळण म्हणजे एकटेपण न्हय गे बाय. सगळो गाव एका जाग्यार येता थंय. वर्षभर ज्येंचा पटना नाय, ते शेजारी शेजारी रवटी घालतत. एकटो रवलो असो त्या तीन दिवसांत कोण नसता."

आणि कॅमेरा घेऊन त्या दिवसांत गावात शिरायचं तर विचारूसुद्धा नकोस, हेही सांगितलं. बावीस पानं गेली. पण सिनेमाचा शेवट मला तात्यांच्या त्या वाक्यातून मिळाला, म्हणून तक्रार नाही.

दुसरा खर्डा झाल्यावर एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंना वाचायला दिला. फी दोन बैठकांची ३,००० रुपये झाली आणि सगळ्या खर्चात हा सगळ्यात शहाणा खर्च. मी स्वतः अशीच आहे, मला काय विचारायचंय, असा माझा तोरा होता. त्यांनी पहिलंच विचारलं, "याला लोक आवडत नाहीत, की लोक आपल्याला काय म्हणतील याची भीती वाटते?" मी दोन्ही एकत्र कालवलं होतं. एकटं राहायला आवडणं वेगळं, बुजरेपणा वेगळा, आणि सोशल अँक्झायटी वेगळी. तिच्यात आपण तपासले जातोय ही धास्ती असते, सहसा सहा महिन्यांपेक्षा जास्त टिकून असते, आणि माणूस त्यापायी कामं, नाती, संधी टाळत जातो. मी लिहिलेले थरथरते हात आणि घामाचे थेंब त्यांनी पेन्सिलने खोडले. म्हणाल्या, "बाहेरून फारसं दिसत नाही हो. तयारी दाखवा. तो पायवाटेवर वाक्य घोकतो ते दाखवा. आणि रात्री. दिवसभरात बोललेली चार वाक्यं तो पडल्यापडल्या पुन्हा पुन्हा तपासतो, ते." मग माझ्या वहीकडे बघून हसल्या. मी त्यांच्याशी काय बोलायचं तेही लिहून नेलं होतं.

आणखी एक. नायकाला शेवटी एक मुलगी भेटून तो बरा होतो, असं होतं. ते काढायला लावलं. बरं होणं असलं तर पायऱ्यापायऱ्यांनी होतं, आधी सोपी भीती, मग जरा मोठी. कुणाला औषधंही लागतात. सिनेमा संपल्यावर पाटीवर सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर टाकायचा सल्लाही त्यांचाच. असा विषय घेत असाल तर ही पाटी विसरू नका. फुकट असते, आणि एखाद्याला लागू शकते.

आता कागद.

आधी बॅनरची, म्हणजे निर्मितीसंस्थेच्या नावाची नोंदणी. स्वतःच्या नावावर एक छोटी प्रोप्रायटरी फर्म काढली, पॅन आणि बँक खातं जोडलं. मग टायटल. अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाकडे सभासद होऊन टायटल नोंदवता येतं, आणि सेन्सॉरच्या वेळी टायटल नोंदवल्याचा कागद मागतात. माझं पहिलं नाव आधीच कुणीतरी घेऊन ठेवलेलं निघालं. दुसरंही. तिसरं मिळालं. तेव्हा पोस्टर करून घ्यायची, मित्रांना टीशर्ट छापून द्यायची घाई करू नका. आमचे अकरा टीशर्ट पहिल्या नावाचे आहेत. आता ते घरी लादी पुसायला वापरतो.

परवानग्यांसाठी गोरेगावच्या चित्रनगरीतल्या फिल्म सेलचं एक खिडकी पोर्टल आहे, सरकारी जागांना ते धरून चालावं. पण आमचं नव्वद टक्के शूटिंग खाजगी पडव्या, पाणंद आणि देवळाच्या आवारात. त्याला गाव लागतो. ७ ऑगस्ट २०२३ला ग्रामपंचायतीत अर्ज दिला. ग्रामसेवक त्या दिवशी दुसऱ्या गावी होते, कारण त्यांच्याकडे दोन गावं. दुसऱ्या खेपेला भेटले, चांगले वागले, म्हणाले की मासिक सभेत विषय घेऊ. सभा २९ ऑगस्टला. ना हरकत दाखला मिळाला १२ सप्टेंबरला. लक्षात घ्या, तो वेळेत मिळाला तो केवळ चतुर्थीच्या आधी. १९ सप्टेंबरला गणपती बसले आणि त्यानंतर जिल्ह्यात कुठल्याही टेबलावर कागद हलला नाही, हलायची अपेक्षाही कुणी करू नये. त्यानंतर भातकापणी. ऑक्टोबरात कोकणात शूटिंग करायचं मनात आणू नका. पाऊस परतून येतो, आणि ज्यांच्या पडव्या हव्यात ते सगळे शेतात असतात.

किनाऱ्यावरच्या सीनसाठी बंदर खात्याच्या ऑफिसात अर्ज, म्हणजे महाराष्ट्र सागरी मंडळ. माणसांची यादी, सामानाची यादी, दिवस, वेळ, पाण्यात बोट नेणार का. पोलीस ठाण्यात वेगळं पत्र. एका कार्यालयात, कुठलं ते सांगत नाही, आमचा अर्ज गहाळ झाला आणि मी पोचपावतीचा शिक्का घेतला नव्हता. पुन्हा पहिल्यापासून. तेव्हापासून प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती, दुसरीवर शिक्का आणि तारीख, आणि शिक्का मागताना जी लाज वाटते ती पिशवीत घालून ठेवायची. माझ्यासारखीला हा शिक्का मागणं अर्जापेक्षा अवघड गेलं. "मॅडम, यावर शिक्का मिळेल का" हे वाक्य वहीत आहे, खाली दोन रेघा मारून.

विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे पुरातत्त्व खात्याचे संरक्षित किल्ले आहेत, त्यांची परवानगी वेगळी, दिल्लीच्या वाटेची. कॅमेरामनला एक शॉट फार हवा होता. मी नाही म्हटलं. मीटर रीडर किल्ल्यावर कशाला जाईल?

सगळे दाखले जमले तेव्हा तात्यांनी विचारलं, "देवाक सांगलंस?" ते राहिलंच होतं. २२ नोव्हेंबरला सकाळी सात वाजता, पहिल्या शॉटच्या आधी, नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. आमची टीम अकरा जणांची, त्यातले सात घाटावरचे नाहीतर मुंबईचे, हात जोडून ओळीने उभे. तात्यांनी डोळे मिटून सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, आज ही मुंबयची पोरां तुझ्या गावात येऊन कसलोसो सिनेमा करतत..." आणि मधेच थांबले. आम्ही गप्प. त्यांनी एक डोळा उघडून आमच्याकडे बघितलं. मग शेजारची काकी ओरडली, "व्हय म्हाराजा!" आणि तेव्हा आम्हाला कळलं की हे आपण म्हणायचंय. "ह्यांच्या वाटेत कोणी आडवो ईलो, कोणाची वाकडी नजर लागली, तर ती दूर कर रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा!" तिसऱ्या वेळेला साउंडवाला मुलगा, जो पुण्याचा आणि देवळात सहसा चप्पलही काढत नाही, तो सगळ्यात मोठ्याने ओरडला. त्याने ते रेकॉर्डही केलं होतं. सिनेमात आहे ते, पाटीच्या मागे.

सोळा दिवस. राहायला वाडीतलीच दोन घरं घेतली, मिळून दिवसाला ४,५०० रुपये. जेवण काकींच्या बहिणीकडे, ताट १३० रुपये, मासे असले तर वर थोडे. हॉटेलवर राहिलो असतो तर खर्च दुप्पट झाला असता, आणि वाडीतली माणसं आठ दिवसांत ओळखीची झाली नसती. घरमालकांना पैसे पहिल्या दिवशी निम्मे आणि कागदावर लिहून द्या. त्यांनाही विचारायला संकोच वाटतो.

सिंक साउंड, म्हणजे शूटिंगच्या वेळचाच खरा आवाज, घ्यायचा हट्ट माझा. कोकण शांत असतं ही मुंबईकरांची समजूत आहे. सकाळी साडेसात-आठला आंब्याच्या बागांत फवारणीचे पंप सुरू होतात. नोव्हेंबर-डिसेंबरात पालवी, मोहोर सांभाळायचा असतो, ते कुणाच्या सिनेमासाठी थांबणार नाहीत, थांबवूही नये. मग मासेविक्याच्या स्कूटरचा भोंगा. मग गुरं. आम्ही दुसऱ्या दिवशी बागांच्या मालकांकडे गेलो, म्हणजे माझा असिस्टंट गेला आणि मी कुंपणाबाहेर उभी राहिले. आठवड्याच्या फवारणीचं वेळापत्रकच मिळालं. त्याप्रमाणे शॉट लावले. हे आधी, रेकीच्या म्हणजे जागा बघायला आलो त्या वेळी विचारायला हवं होतं.

किनाऱ्याचा सीन तीन दिवसांत पाडला होता आणि इथे आम्ही सपशेल आपटलो. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, हे शाळेत वाचलेलं असतं. पण पहिल्या दिवशी दुपारी चारला ज्या ओल्या वाळूवर नायक चालला, ती तिसऱ्या दिवशी चारला वेगळीच होती, आणि मधे त्रिपुरी पौर्णिमेचं उधाण. कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटचा दुसऱ्याशी मेळ, बोंबलली. होडीवाल्या काकांनी मला हिशेब शिकवला, "तिथीक तीनान गुणायचा नि चारान भागायचा. अष्टमीक सहा वाजता भरती. पौर्णिमेक सव्वाअकरा." आणि मग साधारण सहा तासांनी ओहोटी. कॅलेंडरवरची तिथी बघून गणित मांडलं. शेड्यूल घड्याळाऐवजी पाण्यावर बसवलं आणि चौथ्या दिवशी सीन झाला. कॉल शीटवर, म्हणजे दिवसाच्या कामाच्या कागदावर, सूर्यास्ताच्या शेजारी भरतीची वेळ लिहायला लागलो.

जत्रेचा सीन खऱ्या जत्रेत केला, जवळच्या गावात. रात्री दहिकाला, दशावतार, खाज्याची दुकानं. नायकाला गर्दीतून जाऊन प्रसाद घ्यायचाय, एवढंच. आम्ही कमानीपाशी बोर्ड लावला होता, इथे चित्रीकरण चालू आहे, चेहरा येऊ नये असं वाटत असेल तर आम्हाला सांगा. तिघांनी सांगितलं. कॅमेरा लहान, दिवे आमचे शून्य, दुकानांचे होते तेच. आमचा नट प्रायोगिक रंगभूमीवर पंधरा वर्षं काम केलेला माणूस, स्टेजवर वाघ. तिसऱ्या टेकनंतर तो दिसेना. मी शोधत गेले तर देवळामागे तळीच्या पायरीवर बसला होता. म्हणाला, "मला कळत नव्हतं की मी करतोय की मला होतंय." मी त्याच्या शेजारी बसले. काय बोलावं ते माझ्या वहीत नव्हतं. आतून राजाचं पात्र तारस्वरात कुणाला तरी आव्हान देत होतं. दहा मिनिटांनी तो उठला, म्हणाला, चल. पुढचा टेक घेतला नाही. तिसराच ठेवलाय. यातून एक व्यवहाराची गोष्ट, अशा सीनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काम लावू नका. आम्ही लावलं होतं, रद्द केलं, १४,००० रुपये भाडं फुकट गेलं, ठीक आहे.

आणि नौदल. ४ डिसेंबर २०२३चा नौदल दिन तारकर्लीला होता, पंतप्रधान येणार होते. हे पेपरात कधीपासून येत होतं आणि आमच्यापैकी एकानेही शेड्यूलशेजारी ठेवून बघितलं नव्हतं. २ डिसेंबरला मुंबईहून येणाऱ्या दोन नटांना मालवणात खोली मिळाली नाही, ते आमच्या घरी जमिनीवर झोपले. सराव करणाऱ्या हेलिकॉप्टरांचा आवाज किनाऱ्याने येत राहिला. आमच्याकडे २५० ग्रॅमपेक्षा हलका ड्रोन होता, नॅनो वर्गातला, त्याला पायलटचा परवाना लागत नाही म्हणून मुद्दाम तो घेतला होता. पण पोलीस ठाण्यात स्पष्ट सांगितलं, या दिवसांत आकाशात काही उडवू नका. बरोबरच होतं. ड्रोन पेटीतून निघालाच नाही, त्याचं दिवसाचं भाडं मात्र निघत राहिलं. आता सिनेमात वरून घेतलेला एकही शॉट नाही आणि एका फेस्टिवलच्या परीक्षकांपैकी कुणी तरी त्याला 'धाडसी निवड' म्हणालं.

काकींबद्दल लिहायलाच हवं. एका एकट्या राहणाऱ्या म्हातारीचं काम त्यांनी केलं. आयुष्यात कधी कॅमेऱ्यासमोर उभ्या नव्हत्या. संवाद होता, "काय झालं, बिल जास्त आलं का?" अकरा टेक झाले. प्रत्येक वेळी त्या पुस्तकातल्यासारखं, शुद्ध मराठीत, लेन्सकडे बघून म्हणायच्या. बाराव्या वेळी नटाने पाठ फिरवून मीटरकडे मोबाइल धरला, आणि काकींना खरोखरच राग आला असावा. म्हणाल्या, "मीटर खंय पळान जाता? बस वायच. चाय घे." नट दचकला. खरा दचकला. त्याला पुढचं वाक्य सुचेना, कारण ते नव्हतंच. तो ओट्याच्या कडेवर टेकला, अर्धा बाहेर, कधीही उठायच्या तयारीत. काकींनी पितळीत चहा ओतला. आणि त्याच वेळी त्यांचं पिवळं मांजर आतून आलं, नटाच्या मांडीवर चढलं आणि बसलं. त्याने हात वर धरून ठेवला, मांजराला लावावा की नाही ते ठरेना. चौदा सेकंद. मी मॉनिटरसमोर तोंडावर हात धरून बसले होते.

ते मांजर सिनेमात नाही. सिनेमात जनावर वापरायचं तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी लागते, आणि सेन्सॉरला त्यांचं ना हरकत पत्र. आमच्या स्क्रिप्टमध्ये जनावर नव्हतं म्हणून आम्ही अर्जच केला नव्हता. आपणहून उडणाऱ्या कावळ्यांची गोष्ट वेगळी, पण नटाच्या मांडीवरचं मांजर म्हणजे वापर, असं आमच्या सल्लागाराने सांगितलं. मांजराला कोण सांगणार? तुमच्या लोकेशनवर कुत्रं, मांजर, गाय, कोंबडी असेल, आणि कोकणात असणारच, तर आधीच अर्ज करा. माझे सगळ्यात चांगले चौदा सेकंद हार्ड डिस्कवर पडून आहेत.

७ डिसेंबरला पॅक अप. २०२४ सगळं एडिटमध्ये गेलं, कारण दिवसा मालिका आणि रात्री हे. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, खुर्ची आणि पाठदुखी. ८४ मिनिटांवर थांबले. ७२ मिनिटांपेक्षा जास्त असला की सेन्सॉर तो पूर्ण लांबीचा सिनेमा धरतं, मित्र म्हणाले होते ७० वर आण, फी कमी पडेल. फीसाठी सिनेमा कापायचा नाही एवढं ठरवलं होतं.

नोव्हेंबर २०२४च्या शेवटी सेन्सॉरचा अर्ज, ई-सिनेप्रमाण पोर्टलवर. अर्ज, फी, कथासार, पूर्ण संवादांची प्रत, टायटलचा कागद, सगळं अपलोड करायचं. संवादांची प्रत म्हणजे स्क्रिप्ट नव्हे. पडद्यावर प्रत्यक्ष जे बोललं जातं ते, गाऱ्हाण्यासकट. मालवणी संवाद होते तसेच लिहिले आणि शेजारी प्रमाण मराठी. यात चार रात्री गेल्या. अपलोड करताना स्कॅनची साइज जास्त म्हणून दोनदा परत आलं. एजंट मिळतात, त्यांनी मला २५,००० सांगितले. मी स्वतः केलं, कारण एजंटला फोन करण्यापेक्षा फॉर्म भरणं मला सोपं वाटलं. हे कारण फार चांगलं नाही, पण पैसे वाचले.

समितीने सिनेमा बघितल्यावर मला आत बोलावलं. त्या पाच मिनिटांची धास्ती मी दोन आठवडे घेतली होती. बाई-पुरुष मिळून चार-पाच जण, टेबल, पाण्याच्या बाटल्या. कुणी ओरडलं नाही. होडीवाले काका एका शॉटमध्ये बिडी ओढतात, अकरा सेकंद. तंबाखू पडद्यावर दिसला की सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर आरोग्याच्या जाहिराती आणि त्या शॉटवर इशाऱ्याची ओळ लागते. मी शांतपणे, वहीत न बघता म्हटलं, "तो शॉट काढते." एकटेपणाच्या सिनेमाआधी ती जाहिरात मला सोसली नसती. बाकी एक प्रश्न आला, औषधाच्या पट्टीवर कंपनीचं नाव वाचता येतंय का. येत होतं. धूसर केलं.

१७ जानेवारी २०२५ला सर्टिफिकेट आलं, यूए १३+. वयाचे हे नवे गट आणि सर्टिफिकेटची मुदत काढून टाकणं, दोन्ही २०२३च्या कायदादुरुस्तीतून आलंय, त्यामुळे आता दहा वर्षांनी पुन्हा खेटे नाहीत. सरकारी अनुदानाचा अर्ज त्यानंतरच करता येतो. तो केलाय, उत्तर यायचंय.

हिशेब विचारतात म्हणून. कॅमेरा, लेन्स, दिवे २,१५,०००. साउंड १,१०,०००. माणसांचं मानधन २,४०,०००, त्यात दोघांनी निम्मंच घेतलं, त्यांची बाकी मी धरून आहे. राहणं-जेवण १,३६,०००. प्रवास ५८,०००, कोकण रेल्वेने कणकवलीपर्यंत आणि पुढे टेम्पो, ट्रॅव्हलर. कलर, आवाजाचं मिक्सिंग आणि डीसीपी, म्हणजे थिएटरात चालवायची डिजिटल प्रत, १,७०,०००. कागदपत्रं, सेन्सॉर, टायटल, सल्ले ५५,०००. एकूण ९,८४,०००. यात माझ्या स्वतःच्या कामाचं काही नाही आणि टीशर्ट भावाने दिलेले. एकोणीस फेस्टिवलांना पाठवला, पंधरा ठिकाणी नकार, तीन ठिकाणी लागला, एकाचं उत्तरच नाही. प्रत्येक ठिकाणची फी वेगळी असते, एका वर्षाचा आकडा आधी ठरवून ठेवा, नाहीतर ते व्यसन होतं.

थिएटरात लावण्याइतके पैसे नव्हते. पण गावात दाखवायचा होता. २४ मे २०२५, शनिवार, चाकरमानी गावी असतात म्हणून. प्रोजेक्टर आणि स्पीकर ३,५००. शाळेच्या पटांगणात ठरलं होतं, पण त्या वर्षी पाऊस कसा आला ते सगळ्यांना माहीत आहे. २५ मेला तर मान्सून देवगडपर्यंत पोचल्याचं जाहीरच झालं. त्याच्या आदल्या रात्री आम्ही देवळाच्या सभामंडपात चादर बांधत होतो. शंभर-सव्वाशे माणसं, ओल्या छत्र्यांचा ढीग. ६२व्या मिनिटाला लाइट गेली.

चाळीस मिनिटं आली नाही. इन्व्हर्टर प्रोजेक्टरला पुरेना. मी कोपऱ्यात खांबाला टेकून उभी, घामाने भिजलेली, माफी कशी मागावी याचं वाक्य जुळवत. अंधारात मागून कुणीतरी ओरडलं, "रे मीटरवाल्या, लाइट आण आधी!" सगळं मंडप हसलं. आमचा नट पहिल्या रांगेत बसला होता, तो उठून म्हणाला, "फोटो काढलाय, बिल येईल." मग गप्पाच सुरू झाल्या, कुठला मीटर कुणाच्या घरचा होता, तात्यांच्या पडवीत पांढरा रंग कधी लावला, काकींच्या हातचा चहा पडद्यावर बरा दिसतो पण प्रत्यक्षात साखर जास्त. मी माफी मागितली नाही, कुणी मागायला वेळच दिला नाही. लाइट आली तेव्हा निम्मे लोक घरी गेले होते. शेवटची बावीस मिनिटं पन्नासेक जणांनी बघितली. काकी झोपल्या होत्या, त्यांचा सीन आधीच होऊन गेला होता.

हार्ड डिस्कच्या दोन प्रती करा आणि एक आपल्या घरापासून लांब ठेवा. आमची दुसरी काकींच्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली. मांजराचे चौदा सेकंदही तिच्यातच आहेत.